बारदान वजा

साहेब, तुमच्या पाटबंधारे खात्यात एकट्या माणसाला तुम्ही माणूस धरतच नाही. चंपालाल शेठचा अर्ज तुम्ही परत फेकलात तो याच कारणावर: आंबेगावच्या धरणाच्या पाण्यावर चार दिवस मुक्काम करायचा तर सोबत दुसरा पाहिजे.

दुसरा आणायचा कुठून? बायको उगमबाई जाऊन दीड वर्ष झालं. पोरगी सिद्धी बंगळुरात. नारायणगावात टोमॅटोच्या अडतीवर दिवसभर माणसं भेटतात, पण भावापलीकडं बोलणं नाही. पाण्यावर तरी कुणी भाव विचारणार नाही, एवढंच शेठना हवं होतं.

तरी ते गेले, काठावर कयाक, म्हणजे वल्हवायच्या अरुंद होड्या, विकणाऱ्या भागूकडं. दोनच होत्या, बारा फुटी आणि सोळा फुटी.

"मुक्कामाला सोळा फुटी न्या, शेठ. सामान लई मावतं."

"एकटा जीव, एवढी लांबड कशाला? बारकी किती वजन पेलते?"

"एकशेदहा किलो."

शेठनी सामान काट्यावर चढवलं. तंबू, स्टोव्ह, दिवस बुडायच्या आत खायच्या खाकऱ्यांचा डबा. वर उकळलेल्या पाण्याचे दोन कॅन, शेठ जैन, कच्चं पाणी ते पीत नाहीत. भरलं शेहेचाळीस.

"निम्मंसुद्धा नाही! बारकीच दे."

भागूनं सामान कोंबलं, शेठ आत बसले. पाणी कडेला टेकलं, आणि ते जरा हलले तसं भसकन मांडीवर आलं.

"शेठ, तुमचं वजन कुठं धरलंत?"

शेठनी काट्याकडं बघितलं. चाळीस वर्षं मालाचं वजन धरायचं, बारदान, म्हणजे रिकाम्या क्रेटचं वजन, वजा करायचं. हात तसाच चालला होता.

"ब्याऐंशी," ते म्हणाले.

"सोताला बारदानात काढलंत व्हय, राव!" भागू पोट धरून हसला. शेठही हसले, पण भिजलेल्या पँटनं तिथंच बसून राहिले. जेवलात का, असं त्यांना कुणी विचारल्यालाही दीड वर्ष झालं होतं.

सोळा फुटीत कंबर नीट बसली, गुडघे टेकले, सामानासकट कड वीतभर वर राहिली. तीच घेतली.

"सोबतीला माजं नाव ठोका. कोण बघतंय?" भागू म्हणाला.

शेठनी ठोकलं नाही. नव्या अर्जात लिहिलं: 'सोबत कोणी नाही. माझे वजन ब्याऐंशी किलो. काट्यावर खात्री करून घ्यावी.'

पंधरा दिवस तो अर्ज तुमच्या टेबलावर आहे. कयाक भागूच्या छपरात पालथी आहे. साहेब, ब्याऐंशी किलोचा माणूस एक भरतो की नाही? लेखी सांगा.