गार इंजिनाची वाट

भाचीने सवयीप्रमाणे आधी तळहात बॉनेटवर टेकवला, आणि तो तिथेच राहिला.

पत्रा गरम होता. गाडी छपराखाली, सावलीत. म्हणजे ही ऊब उन्हाची नव्हे, आतली.

मामा पायरीवर उभे होते. गाडी तपासताना पहिला हात कुठे ठेवायचा, हे त्यांनीच तिला शिकवले होते. बारा वर्षे त्यांच्या हाताखाली काढली, तेव्हा कुठे तिने स्वतःचे गॅरेज टाकले. आता दोन महिन्यांपूर्वी मामांना डाव्या बाजूचे दिसेनासे झाले, डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही म्हणून बजावले, आणि गाडी विकायला निघाली.

"करू का सुरू?" सिस्टरनी विचारले.

सिस्टर घरोघर फिरून अंथरुणाला खिळलेल्या माणसांची मलमपट्टी करत. त्यांची मागची गाडी एका गोडबोल्या दलालाने आधीच तापवून गळ्यात मारली होती. दाखवताना धूर नाही की वास नाही. दुसऱ्या सकाळी निळ्या धुराने गल्ली भरली. महिनाभरात ती भररस्त्यात बसली, आणि एक म्हातारी दिवसभर इंजेक्शनची वाट बघत राहिली. म्हणून यावेळी त्या भाचीला घेऊन आल्या होत्या. ती हो म्हणाली तर घ्यायची, नाहीतर नाही.

"नको," भाची म्हणाली. "आधी गार होऊ दे."

मामांनी तिच्याकडे पाहिले, मग भिंतीकडे.

"तीन तास काय माझं तोंड बघत बसणार?"

"बसू की. बरं आहे तोंड."

"चाळीस वर्षं मी तेच करतेय," मामी आतून म्हणाली. "कुणी बक्षीस नाही दिलं."

सिस्टर हसल्या. भाचीला हसू आले नाही.

तिने एअर फिल्टर काढून पाहिला. स्वच्छ; म्हणजे काळ्या धुराचा प्रश्न नव्हता. रेडिएटरच्या जादा पाण्याच्या बाटलीत तेलाचा तवंग नव्हता. राहता राहिला निळा धूर, आणि तोच लबाड. इंजिनातले रबरी सील झिजले असतील, तर उभ्या गाडीत ऑइल थेंबथेंब खाली उतरते आणि पहिल्या स्टार्टला जळते. गरम इंजिनात त्याला उतरायला सवडच मिळत नाही. हे मामांना तिच्याहून जास्त ठाऊक होते.

ऑइलची पट्टी तिने पुसली, बुडवली, पाहिली. मग परत पुसली. ऑइल पुरेसे होते, तरी तिसऱ्यांदा पुसली. निळा धूर निघाला तर सिस्टरना सांगावे लागणार होते, आणि तेही मामांच्या देखत.

चहा झाला. जेवणे झाली.

दुपारी पत्रा गार लागला. सिस्टरना आत बसवून ती पांढरा कागद घेऊन मागे उकिडवी बसली.

"फिरवा चावी."

सायलेन्सरच्या नळीतून पांढरा, ओलसर फुगारा आला आणि हवेत विरून गेला. नुसती वाफ. कागदावर पाण्याचे दोन थेंब पडले. जळक्या तेलाचा वास नाही, डाग नाही.

"रेस करा. अजून."

काहीच नाही. तिने कागद उन्हाकडे धरून पाहिला. मग बराच वेळ तिला मान वर करून मामांकडे बघवेना.

"इंजिन साफ आहे," ती अखेर म्हणाली.

"मग तापली कशाने होती?" गाडी बंद करून सिस्टरनी विचारले.

"उभ्या गाडीची बॅटरी उतरते," मामा म्हणाले. "म्हणून जरा चालू करून ठेवली होती."

भाची गाडीला हात लावून उठली. डाव्या आरशाच्या कडेला चुना लागला होता. तिने बोट फिरवले, तर बोट पांढरे झाले. कडेचा रंगही खरवडून निघाला होता. फाटकाबाहेर गल्लीत पोरे चेंडू खेळत होती.

"रविवारी येऊन नेते मग," सिस्टर म्हणत होत्या. "कागदपत्रंही तेव्हाच करू."

"आजच न्या."

"आज?"

"आत्ता. कागदपत्रांचं मी बघते."

"एवढी कसली गं घाई?" मामीने दारातून विचारले.

सिस्टर चावी हातात घेऊन मामीकडे, मग भाचीकडे बघत राहिल्या. भाची पायरीपाशी गेली.

"दुसरी चावी, मामा."

"कुठली दुसरी?"

तिने हात पुढे केला.

"पुलापर्यंतच गेलो होतो," मामा अगदी हळू म्हणाले. "ही अंघोळीला गेली होती तेव्हा."

"हो."

"तुला वाटलं, मी धूर लपवायला..."

"हो, मामा. चुकलंच माझं."

त्यांनी मान हलवली. मग सदऱ्याच्या आतल्या खिशात हात घातला, आणि बराच वेळ तो तसाच आत ठेवला. भाची थांबून राहिली.