चार साच्यांचं मशीन

माझा नवरा बादल्यांच्या कारखान्यात आहे. त्याच्या मशीनला चार साचे, गोल फिरणारे. त्यातला एक तडकलेला, आणि चिक्कू मालक काही तो बदलत नाही. त्यामुळे एक फुटकी बादली पडली की पुढच्या तीन डोळे मिटून रचायच्या, त्या चांगल्याच निघतात. त्याच हिशेबानं या बाबानं दुसरं मूल मागितलं.

थोरला आमचा दोन वर्षांचा असताना वारला. हातापायांतलं बळच जायचा आजार. डॉक्टरीणबाईंनी तेव्हाच कागदावर चार घरं काढून समजावलं होतं, की आईकडून चांगलं नाहीतर खराब, बापाकडूनही तसंच, आणि दोन्हीकडचं खराब आलं तरच मूल आजारी. चारांतलं एक घर. “मग आपली फुटकी पडून गेली,” हा घरी येऊन म्हणाला. माझ्या लेकराला फुटकी म्हणाला म्हणून मी त्याच्याशी कितीतरी दिवस बोलले नाही. पण खरं सांगते, हिशेब मलाही पटला होता. पटवून घ्यायचाच होता ना.

मुलगी झाली. तिचं रक्त तपासायला दिलं तेव्हा यानं बाईंना साच्यांचं सगळं पुराण ऐकवलं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी दोन्ही मुलांची मिळून सोळा घरं आखली, आडव्या ओळी थोरल्याच्या, उभ्या हिच्या. दोघंही आजारी असं एकच घर, अगदी कोपऱ्यात. याचा जीव भांड्यात पडला. सोळांत एक म्हणजे काहीच नाही, म्हणाला. मग बाईंनी वरच्या तीन ओळी खोडल्या. थोरल्याचं झालं ते झालं, आता त्याची ही शेवटची ओळच उरली, तिच्यात घरं चार.

“मूल पोटात राहताना मागचं कुणी मोजत नाही हो,” त्या म्हणाल्या.



आज बाईंचा फोन आला. मी पोरीला पाजत होते. यानं ऐकून घेतलं, फोन ठेवला आणि माझ्यासमोर फरशीवर बसला.

“सोळांत एकच घर होतं गं,” म्हणाला. “तेच कसं आपलं?”

चारांत एक होतं, हे त्यालाही ठाऊक होतं. एरवी मी फाडकन बोलले असते. आज पोरीला नुसती जवळ ओढून घेतली. पोर चपाचप पीत होती. थोरलाही सुरुवातीला असाच प्यायचा.