टोचणारं कार्ड

क्रेडिट स्कोअर बारा अंकांनी वाढला, तर कवळीवाल्याचे महिन्याला अठराशे वाचणार होते. अठराशे म्हणजे बायकोची दुसरी पाळी. दिवसभर शाळेच्या कचेरीत बसून संध्याकाळी ती औषधांच्या कारखान्यात खोकी भरायला जायची, ते सुटलं असतं. म्हणजे खरा फायदा तिचा. त्याच्या वाट्याला संध्याकाळचा आयता चहा, तेवढाच.

तो ज्या खोलीत दातांच्या कवळ्या घडवायचा ती मालकाने विकायला काढली होती. कर्ज मिळत होतं, अडत होतं ते व्याजावर. बँकेतल्या बाईंनी आकडा दाखवला : सातशे अडतीस.

"साडेसातशेला दर उतरतो. सहा महिने हप्ते वेळेवर भरा, कार्डावर खर्च कमी ठेवा. बाकी कशाला हात लावू नका."

"एवढंच?"

"तेच जमत नाही हो लोकांना."

पाच महिने जमलं. गाडीचा हप्ता तारखेच्या आधी, किराणा रोखीने. आकडा कण्हत-कुंथत सातशे एकावन्नवर गेला.

"चढला का तुमचा ताप?" बायको पाय चोळत विचारायची.

"चढला."

"मग कारखान्यात सांगून टाकू?"

"पुढच्या महिन्यात सांग. सही होऊ दे."

बावीस वर्षं लोकांच्या हिरड्यांना टोचणारे कोपरे घासून त्याच्या बोटांना एक खोड लागली होती. काही वर आलेलं दिसलं की ती शिवशिवायची. सहाव्या महिन्यात कागद जुळवताना त्याला एक जुनाट कार्ड दिसलं. पहिली पॉलिशची मोटर घेताना काढलेलं, कित्येक वर्षं नुसतं पडून. बाई म्हणतील, हे कशाला ठेवलंय? त्याने फोन करून ते बंद करून टाकलं आणि सवयीने कर्ज-कार्डांच्या यादीवरून अंगठा फिरवला. कुठे काही टोचत नव्हतं.

बँकेत आकडा निघाला सातशे तेहतीस.

"जुनं कार्ड बंद केलंत?" बाईंनी चष्मा काढला.

"वापरात नव्हतं. म्हटलं, साफ करावं."

"अहो, तुमची सगळ्यात जुनी पत तीच होती. बाकीचं सगळं काल-परवाचं. नुसतं पडून राहायचं, एवढंच काम होतं त्याला."

"परत चालू होईल?"

"नवीन मिळेल. पण ते नवीनच."

मालक थांबायला तयार नव्हता. चढ्या दराने सही झाली.

घरी त्याने सांगितलं तेव्हा बायको ओरडली नाही. तेवढं त्राण नव्हतं.

"घासलंत तरी छान ना?" एवढंच म्हणाली, आणि चपला शोधू लागली.

खोली त्याची झाली. मालकाला किंमत मिळाली, बँकेला जास्तीचं व्याज. आणि महिन्याचे अठराशे, पुढची पंधरा वर्षं, बायको भरणार होती. पहिल्या हप्त्यासाठी ती त्याच संध्याकाळी डबा घेऊन जिना उतरली.