तीनदा बदललेला पासवर्ड

गोपाळकृष्ण वकील उलटतपासणीला उभे राहिले, तर अकोल्याच्या साक्षीदाराला त्यांचे प्रश्न आधीच पाठ! एकदा झालं, योगायोग म्हटला. दुसऱ्या तारखेलाही तेच झालं, तेव्हा अमरावतीला परतताना ते बडनेऱ्यापर्यंत दातओठ खात होते.

प्रश्न ऑफिसच्या वेबसाइटवर ठेवलेले. पासवर्ड दोघांनाच ठाऊक: एक ते स्वतः, दुसरा जहीर, बावीस वर्षं त्यांच्याकडे असलेला कारकून. झालं, संशयाचं भूत मानगुटीवर बसलं. पासवर्ड बदलला, जहीरला सांगितला नाही. प्रश्न तरीही फुटले. मागून बोटं बघत असणार! मग संगणक भिंतीकडे वळवून पुन्हा बदलला. पुन्हा फुटले. तिसऱ्यांदा बदलला. वकिली बुद्धीचं असंच असतं, पुरावा सापडला नाही की आरोपी जास्तच हुशार ठरतो.

जहीर चहा घेऊन आला की ते कागद पालथे घालू लागले. शेवटी म्हणाले, "जहीर, तू काही दिवस येऊ नको."

"बरं, साहेब." किल्ल्या टेबलावर ठेवून तो गेला.

पुढच्या तारखेला अकोल्यात कोर्टासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात एक कागद छापायचा होता. वकिलांनी तिथल्या संगणकावर आपली वेबसाइट उघडली. पासवर्ड विचारलाच नाही. ‘नमस्कार, गोपाळकृष्ण’, आणि खाली आजचे सगळे प्रश्न.

"ते तं रोजच असं उघडते, साहेब," दुकानदार म्हणाला. "तुमच्या समोरच्या पार्टीचे वकीलही इथंच बसतात."

वकिलांना आठवलं. पोळ्याच्या आधी इथेच घाईत, एका बोटानं टाइप करायचा कंटाळा म्हणून, ‘मला लक्षात ठेवा’वर त्यांनीच खूण केली होती. कुलूप तीनदा बदललं, पण आत शिरलेल्याला बाहेर काढलंच नव्हतं. चोर सोडून संन्याशाला फाशी! त्यांना स्वतःची लाज वाटली.

संध्याकाळी ते थेट जहीरच्या घरी गेले. रजियाबीनं नवऱ्याच्या साहेबांपुढे चहा ठेवला.

"चूक माझीच होती, जहीर. उद्यापासून ये. नवा पासवर्डही लिहून घे." त्यांनी किल्ल्या पुढे केल्या.

जहीरनं त्या हातात घेतल्या नाहीत.

"तीनदा पासवर्ड बदलला, साहेब. मले एकदाबी विचारलं नाई." मग कप त्यांच्याकडे सरकवत म्हणाला, "चहा घ्या. थंडा होऊन राहिला."