फोडाचं औषध मोफत

शाळेच्या अंगणात सकाळपासून भोंगा ओरडत होता, "सैन्याचं मोफत शिबिर! जंताच्या गोळ्या, केस कापणं, दात काढणं आणि जंगली फोडाचं इंजेक्शन!" एका शिपायाला विदूषक केलं होतं. तो पोरांना फुगे वाटत होता, कमरेला पिस्तूल तसंच.

मी पलटणीची नर्स. फोडाचं औषध आमच्याकडे दुकानात मिळत नाही, ते सैन्याच्या कुलपात असतं. जंगलातली वाळूमाशी चावते, फोड येतो आणि मांस सडत जातं. आमच्या कित्येक शिपायांना तो झालाय. खुद्द कॅप्टन आर्बेलाएसच्या कानाची पाळी त्यानंच खाल्लीय. पण गावकऱ्याला झाला की तो जंगलात बंडखोरांबरोबर राहतो, असं साहेब धरून चालतात.

"फोडवाला आला की माझ्या तंबूत पाठवायचा," कॅप्टननं सकाळीच बजावलं होतं. "हसत हसत पाठवा, बाई."

दुपारी एव्हेलियो आला. कोकोच्या मळ्यात राबणारा माणूस, सोबत बायको रोस्मिरा. त्यानं बाही वर केली. कोपराजवळ खड्डा, कडा काळ्या.

"हे काय केलंस रे?"

"बॅटरीतलं अ‍ॅसिड ओतलं, ताई. मग तापलेला चमचा."

"म्हणजे भाजलंय," साहेबांच्या तंबूत ऐकू जाईल असं मी मुद्दाम मोठ्यानं म्हणाले. "भाजल्याचं मलम देते, घरी जा."

"भाजलं नाही हो! फोडच आहे!" तो बिचारा उसळला. "भोंग्यावर सांगितलंय ना? इंजेक्शन द्या!"

"गप्प बस, काका."

"ती मलम देऊन बोळवतेय," रोस्मिरा रांगेकडे वळून ओरडली, "आणि सुया शिपायांसाठी ठेवतेय!"

कॅप्टन आलाच. "अरे, द्या की यांना! आम्ही त्यासाठीच आलोय." त्यानं एव्हेलियोच्या खांद्यावर हात टाकला, फोटोवाल्याला खूण केली आणि दात दाखवले. फोटो निघाला तसा तो हात त्यानं पँटला पुसला. एवढ्या रक्तापुवात हात घालते मी, पण किळस आली ती तेव्हा.

"हेलिकॉप्टरनं नेतो तुला. मोठ्या दवाखान्यात."

"साहेब, फोड तुमच्याही कानाला आहे," मी म्हणाले.

"माझा देशसेवेत झालाय. याचा कुणाच्या सेवेत, ते विचारतो."

याआधी असे नेलेले परत आलेले मी पाहिले नव्हते. रोस्मिरा मात्र हरखून नवऱ्याचा टॉवेल घडी करत होती. "सगळी इंजेक्शनं देतील ना, ताई?"

"ऐक. आत्ताच्या आत्ता चर्चमधल्या फादरकडे जा. नवरा कुणी नेला ते सांग. नर्स ओनेइदानं पाठवलं म्हण."

तिच्या हातातली घडी तशीच राहिली. मग ती धावत सुटली.

अंगणाच्या कडेला उभ्या हेलिकॉप्टरमध्ये शिपायांनी एव्हेलियोला बसवलं होतं. मी औषधाची पेटी उचलली आणि त्याच्याशेजारी जाऊन बसले.

"उतरा," कॅप्टन म्हणाला. "तुमचं इथे काय काम?"

"पेशंट आहे, साहेब. औषध रोज द्यावं लागतं."

"मी हुकूम देतोय."

"द्या की. भोंग्यावरून द्या, सगळ्या गावाला ऐकू जाऊ दे."

त्यानं रांगेकडे पाहिलं. माणसं रांग सोडून पुढे सरकली होती आणि फोटोवाला अजून तिथेच होता. कॅप्टन पुन्हा हसला, फोटोतलंच हसू. मी एव्हेलियोची पँट जरा खाली ओढली आणि कॅप्टनच्या देखत पहिली सुई टोचली.

"आई गं!" एव्हेलियो ओरडला.

"ओरड," मी म्हणाले. "मोठ्यानं ओरड, काका."