फ्रिजमधल्या बाटल्या

"दोनच म्हणे! मक्याच्या दोन तोर्तियांनी माझी दाढसुद्धा ओली व्हायची नाही," हासिंताबाई शेजारणीच्या कानात पुटपुटल्या. कान शेजारणीचा, पण ऐकू गेलं चर्चमागच्या अख्ख्या हॉलला.

दर गुरुवारी इथे दहा-बारा बायका जमत. मधुमेह हा शब्द कुणाच्या तोंडी नव्हता. "मला साखर आहे," एवढंच म्हणायचं. साखर कशी सांभाळायची ते शिकवणारी नोएमी त्यांच्याच गल्लीतली.

"दोन खा, हासिंताबाई, पण तुमच्या हातच्या नकोत. तुमची एक पोळी म्हणजे ट्रकचं चाक."

हॉल खदाखदा हसला. "स्वतःची कंबर बघ आधी, पोरी!" हासिंताही हसल्या.

नोएमीचं लक्ष मात्र त्यांच्या पायाकडे होतं. अंगठ्याची जखम महिनाभर भरत नव्हती. गोळ्या आता पुरायच्या नाहीत, इन्सुलिन सुरू करा, नाहीतर अंगठा जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यांनी लिहून दिलेली चिठ्ठी तीन आठवडे पर्समध्ये घडी घालून पडली होती.

"सुईचं काय ठरलं?"

"निवडुंगाचा रस घेतेय ना."

"घ्या की. आणि सुई?"

"अगं, भाऊ गेल्याचा फोन आला, त्या धसक्यानं ही साखर लागली. धसका अंगावरून अंडं फिरवून उतरवतात. सुईनं नाही."

"माझी मावशी फिरवते अंडं. रविवारी तिला घेऊन येते," नोएमी म्हणाली. "पण सुईही घ्या."

हासिंतांनी पर्स मांडीवर घट्ट धरली. बाकीच्याही पायाखालच्या फरशा बघू लागल्या. नोएमीला हे खाली बघणं पाठ होतं. तिच्या आईनं सुई सुरू केली आणि दोन महिन्यांत तिची दृष्टी गेली, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक. नोएमीसमोर तेवढा विषय कुणी काढत नसे. तीही काढत नसे. चार वर्षं तिनं ताटात किती, वाटीत किती, तोर्तिया किती, सगळं शिकवलं. सुई आली की घाईघाईनं पुढचं पान.

आज तिनं वही मिटली.

"आई सुईनं आंधळी झाली नाही. डोळे साखरेनं आधीच पोखरले होते. सुई तर डॉक्टरांनी, ती घ्यायला लागली त्याच्या तीन वर्षं आधीच दिली होती. बाटल्या आमच्या फ्रिजमध्ये, घेवड्याच्या पातेल्यामागे तशाच पडून. सुईनं डोळे जातात, घेऊ नकोस, असं तिला मीच सांगितलं होतं."