बाईसाहेबांचा झेल

आमच्या शाळेत सॉफ्टबॉल आला तो कुणाला त्या खेळाची हौस होती म्हणून नव्हे. बडोद्यात हा खेळ खेळणाऱ्या मुलींच्या शाळा जेमतेम पाच. म्हणजे दोन-तीन सामने मारले की थेट राज्यस्तरावर, एवढाच जनार्दन सरांचा हिशेब. सर जन्माचे खो-खोवाले. सॉफ्टबॉलबद्दल त्यांना जे काही ठाऊक होतं ते एका पातळ पुस्तिकेतून, आणि तीसुद्धा त्यांनी चित्रांपुरतीच पाहिली असावी. शेवटपर्यंत ते चेंडू टाकणाऱ्या पिचरला ‘बोलर’ म्हणत राहिले.

मैदानाची कथा आणखी मजेची. शाळेच्या अर्ध्या मैदानावर ट्रस्टींनी संगणकाचे वर्ग बांधायला काढले होते, कारण सत्त्याण्णव साल तोंडावर आलं होतं आणि ज्याला त्याला संगणक हवा होता. संगणक काही आले नाहीत, विटा तेवढ्या येऊन पडल्या. मग सर तुकोजीरावांकडे गेले. तुकोजीराव म्हणजे जुन्या राज्याचे सरदार. निदान त्यांचे आजोबा तरी होते. जिथे त्यांची घोड्यांची पागा होती तिथे आता हिरवळ लावून, फाटकावर रंगीत दिव्यांच्या माळा सोडून त्यांनी पार्टी प्लॉट केला होता. तिथे पटेलांची, शहांची लग्नं लागत. तलवारीच्या जोरावर मिळालेली जमीन पनीरच्या भाजीवर चालली होती. तलवार दिवाणखान्यात अजून टांगलेली होती, पण ती वऱ्हाडाला दाखवण्यापुरती.

लग्न नसेल तेव्हा खुशाल खेळा, असं सरदारसाहेब म्हणाले. बदल्यात त्यांनी काहीही मागितलं नाही. सरांनीच दुसऱ्या दिवशी त्यांची नात राजनंदिनी हिला कप्तान करून टाकलं. कुणी न मागता लोटांगण घालायची ही कला आम्हा बडोद्याच्या मराठी माणसांच्या हाडीमाशी भिनलेली आहे. आमच्या घरातही वेगळं नाही. माझे पणजोबा दिवाणकचेरीत नकला करणारे कारकून, पण बाबा पाहुण्यांना सांगायला लागले की ते दिवाणांचा उजवा हात होतात. मला अहल्या हे नाव त्याच पणजोबांच्या बायकोचं. त्या बाईने आयुष्यभर पापड लाटले, पण आमच्या घरात तिच्याबद्दलही दरबारी सुरातच बोलतात.

राजनंदिनी वाईट मुलगी नव्हती. वाईट व्हायलाही थोडे कष्ट पडतात. ती शॉर्टस्टॉपच्या जागेवर, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे, उभी राहायची आणि चेंडू आपल्याकडे येऊ नये अशी मनोमन प्रार्थना करायची. मी कॅचर. जाळीचा मुखवटा घालून बॅटवालीच्या मागे उकिडवं बसायचं हे काम कुणालाच नको होतं. मला आवडलं. सगळं मैदान समोर दिसतं आणि आपल्या तोंडावर काय उमटलंय ते कुणाला दिसत नाही. त्या हंगामात माझ्या तोंडावर जे उमटत होतं ते दिसलं असतं तर मला शाळेतून काढलं असतं.

आमच्या या भिकार संघात खेळ येणारी एकच मुलगी होती, ती म्हणजे आमची पिचर भक्ती. कमरेखालून हात गर्रकन फिरवून ती चेंडू सोडायची आणि तो माझ्या ग्लव्हमध्ये असा बसायचा की तळहात संध्याकाळपर्यंत हुळहुळायचा. तिचे वडील छाणीच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर होते. घरात हुकूम मात्र आजोबांचा, श्रीपतरावांचा. श्रीपतरावांचे आजोबा तुकोजीरावांच्या पागेत स्वार होते. पागा गेली, घोडे गेले, राज्यही गेलं, श्रीपतराव एका बँकेच्या दारावर बंदूक घेऊन उभे राहून निवृत्त झाले. पण दर दसऱ्याला फेटा बांधून, आपट्याची पानं घेऊन ते हरणीतल्या आपल्या घरून सरदारांच्या बंगल्यावर मुजऱ्याला जात. फाटकातल्या गर्दीत लांबून वाकायचं आणि परत यायचं. त्यामुळे भक्ती आपल्याच वर्गातल्या राजनंदिनीला ‘बाईसाहेब’ म्हणायची, आणि तेही ‘आपण’ लावून. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं ती थट्टा करते आहे.

दहावी झाली की भक्तीने करजणला काकांकडे जायचं, काकूची पोरं सांभाळायची, शिवण शिकायचं आणि स्थळाची वाट बघायची, असं श्रीपतरावांनी ठरवून टाकलं होतं. जनार्दन सरांनी आयुष्यात एक शहाणपणाची गोष्ट केली. ते हरणीला जाऊन म्हाताऱ्याशी बोलले. पोरगी राज्यावर खेळली तर क्रीडा वसतिगृहात जागा मिळेल, बारावीपर्यंतचं शिक्षण तिथेच होईल, असं त्यांनी समजावलं. श्रीपतराव बराच वेळ मिशीवरून हात फिरवत बसले आणि मग म्हणाले, “राज्यावर गेली तर शिकेल. नाही गेली तर करजण. शब्द दिला.” भक्तीने हे मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. त्या दिवसापासून मी तो फालतू खेळ मन लावून खेळायला लागले.

पहिला सामना डिसेंबरच्या सुरुवातीला, ऐन लग्नसराईत. आठवडाभर सराव नाही, कारण मैदानावर मांडव. आदल्या दिवशी आत सोडलं तर गवतात टाचण्या, झेंडूच्या पाकळ्या आणि कुणाच्या तरी जिलबीचा पाक. तरी सामना बरा चालला होता. मग एक चेंडू सरळ वर गेला आणि भक्ती आणि राजनंदिनी यांच्या मधे यायला लागला. असा झेल जिला घ्यायचा असेल तिने ‘माझा’ असं ओरडायचं असतं. भक्ती त्याच्याखाली जाऊन उभी राहिली, हात वर केले, आणि शेजारी कप्तान आहे हे लक्षात येताच दोन पावलं मागे सरून अदबीने म्हणाली, “आपण घ्या, बाईसाहेब.” बाईसाहेबांनी चेंडूकडे बघितलं. चेंडू जमिनीवर पडला. आम्ही हरलो. सामने साखळीचे होते म्हणून स्पर्धेत तरी राहिलो.

“तुझं डोकं ठिकाणावर आहे का?” मी भक्तीला विचारलं.

“अगं, त्यांच्या तोंडावर ‘माझा’ कसं म्हणू? तोंडातून निघतच नाही.”

“बरं. तू नको म्हणूस. मी म्हणेन. मी जिचं नाव घेईन तिने घ्यायचा, बाकीच्यांनी गप उभं राहायचं.”

राजनंदिनीला हे सांगितलं तर ती खूश झाली. “बराबर आहे, अहल्या. मला तो बॉल नकोच असतो. नखं तुटतात.” म्हणजे ज्या मानासाठी भक्ती सामना घालवत होती तो मान घेणारीला नकोच होता.

मग कमुरता लागला. डिसेंबरच्या मध्यापासून उत्तरायणापर्यंत, म्हणजे आपल्या संक्रांतीपर्यंत, गुजराती माणूस लग्न करत नाही, आणि त्या महिन्याएवढा सुंदर महिना मी पाहिलेला नाही. रोज संध्याकाळी मैदान आमचं. मी मुखवट्याआडून “भक्ती!” असं ओरडायची आणि भक्ती घ्यायची. कुणाच्या मानाचा प्रश्न नाही. आम्ही एकामागून एक सामने जिंकलो. दोन शाळांच्या मुलींना तर भक्तीचा चेंडू दिसलाच नाही, त्या नुसत्या हवेत बॅट फिरवून परत गेल्या. शाळेत प्रार्थनेनंतर आमची नावं वाचली गेली आणि ज्या बाईंनी सुरुवातीला सॉफ्टबॉल म्हणजे काय असं विचारलं होतं त्याच बाई ‘आपल्या परंपरेतलं शौर्य’ यावर बोलल्या. माझा विश्वास बसत नव्हता, पण आम्ही अंतिम सामन्यात पोचलो होतो. जिंकणारा संघ राज्यावर जाणार होता.

अंतिम सामना उत्तरायणानंतरच्या आठवड्यात तुकोजीरावांच्याच प्लॉटवर ठेवला. ते प्रमुख पाहुणे, आणि वर्तमानपत्रात फोटो यायचा होता. दुसऱ्या दिवशी लग्न असल्यामुळे घडीच्या खुर्च्या आधीच येऊन पडल्या होत्या. त्यातल्या काही कडेला मांडून प्रेक्षकांची सोय केली होती. झाडांवर पतंगांचा मांजा लोंबत होता. तुकोजीराव सोफ्यावर बसून मोबाईलवर आचाऱ्याशी भांडत होते. तसा फोन तेव्हा बडोद्यात क्वचितच दिसे, त्यामुळे पाहुण्यांमधले निम्मे लोक सामन्यापेक्षा त्या फोनकडे बघत होते. सोफ्याच्या मागे, थोडं बाजूला, फेटा बांधून श्रीपतराव उभे होते. खुर्च्या रिकाम्या होत्या, पण सरदारांच्या पुढ्यात बसणार कसे? दोन तास उभे होते.

भक्तीने त्या दिवशी जीव तोडून चेंडू टाकले. शेवटचा डाव आला तेव्हा आमचा एक रन जास्त होता. समोरच्यांच्या दोन मुली बाद झाल्या होत्या आणि दोन बेसवर उभ्या होत्या. आणखी एक बाद झाली की भक्ती राज्यावर. बॅटवालीने आंधळेपणाने फटका मारला आणि चेंडू उंच वर गेला, अगदी लहान मूलही घेईल असा, भक्ती आणि राजनंदिनीच्या मधे.

“भक्ती!” मी ओरडले.

राजनंदिनी जागच्या जागी थांबली, कंबरेवर हात ठेवून. भक्ती चेंडूखाली पोचली, तिने ग्लव्ह वर धरला. मला तिचा चेहरा दिसत होता. ती हसत होती.

तेवढ्यात सोफ्यामागून श्रीपतरावांचा खणखणीत आवाज आला. “भक्ते, मागे हो. बाईसाहेबांना घेऊ दे.”

सोळा वर्षं ज्या आवाजासमोर ती उठली-बसली होती तो आवाज. भक्ती मागे झाली. मुद्दाम नाही झाली, तिचे पाय झाले. चेंडू दोघींच्या मधे गवतात पडला आणि दोन्ही बेसवरच्या मुली किंचाळत होमप्लेटवर पोचल्या. दोन रन झाले, सामना गेला.

“अगं, सोडलास कशाला?” राजनंदिनी खरोखरच चकित होऊन म्हणाली. “मी कुठे घेणार होते?”

श्रीपतराव मात्र समाधानाने मिशीवरून हात फिरवत होते. पोरीने सगळ्यांसमोर रीत पाळली होती. त्या पडलेल्या चेंडूबरोबर काय पडलं हे त्यांना कळलंच नव्हतं. जनार्दन सरांनी जाऊन सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “खेळात हार-जीत व्हायचीच.” माझ्या हातात बॅट नव्हती हे त्यांचं नशीब.

समोरच्या शाळेला चषक दिला गेला, फोटो निघाले, पाहुणे पांगले. तुकोजीराव उठले तेव्हा श्रीपतराव पुढे झाले. आयुष्यात पहिल्यांदा ते सरदारांच्या इतके जवळ उभे होते. वाकून त्यांनी तीनदा मुजरा केला. मी शेजारीच बसून पायाचे पट्टे सोडत होते. श्रीपतराव ताठ झाले आणि बोलायला तोंड उघडणार, एवढ्यात तुकोजीरावांनी त्यांच्या फेट्याकडे एक नजर टाकली आणि गुजरातीत म्हणाले, “ओ भाई, तमे मंडपवाळा ने? आ बधी खुरशीओ पाछळ मुकी दो. काले लगन छे.” एवढा खुर्च्या मागे नेऊन ठेवायचा हुकूम सोडून, फोन कानाला लावून ते निघून गेले.

मला वाटलं, आता तरी म्हातारा बोलेल. आपलं नाव सांगेल, आजोबांचं सांगेल, पागेतल्या घोड्यांची नावं सांगेल, जी त्याने आम्हाला कंटाळा येईपर्यंत सांगितली होती. श्रीपतराव पाठमोऱ्या सरदारांकडे बघत म्हणाले, “जी सरकार.” मग त्यांनी एक खुर्ची घडी केली. मग दुसरी.

भक्ती सगळं बघत होती. ती आली, तिनेही खुर्च्या घडी करायला घेतल्या, आणि दोघांनी मिळून त्या पत्र्याच्या शेडपर्यंत वाहून नेल्या. मी मदतीला गेले तर तिने मान हलवून नको म्हटलं. खरा मंडपवाला फाटकाशी विडी ओढत उभा होता. त्याने हे पाहिलं आणि दुसरी पेटवली.

जूनमध्ये भक्ती करजणला गेली. सरांनी पुन्हा जाऊन विनवलं, पण श्रीपतराव म्हणाले, शब्द म्हणजे शब्द. ज्याचं नाव कुणाला ठाऊक नाही त्याच्या शब्दाचा हा ताठा. राज्याच्या शिबिराला निवड समितीने आमच्या शाळेतून एक मुलगी घेतली, ती अर्थात कप्तान. राजनंदिनी तीन दिवसांत परत आली. तिथलं जेवण तिला सोसलं नाही.

दसऱ्याला मी सोनं वाटायला निघाले होते. सरदारांच्या प्लॉटवरचा गरब्याचा मांडव अजून उतरायचा होता. फाटकाबाहेर श्रीपतराव भेटले, तोच फेटा, हातात आपट्याच्या पानांची जुडी. मला बघून थांबले.

“बाईसाहेब शिबिराला जाऊन आल्या ना?” ते म्हणाले. “चांगलं झालं. शाळेचं नाव झालं.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. “भक्ती नाही आली करजणहून?”

“निरोप धाडला होता. म्हटलं, सणाचं सरदारांकडे जायचंय, तूही चल.” ते फाटकाकडे बघत होते. “म्हणाली, खुर्च्या उचलायच्या असतील तर येते.”

मग त्यांनी फेटा नीट केला, पानं सरळ धरली आणि फाटकातून आत गेले. त्यांना द्यायला काढलेलं पान मी परत पिशवीत टाकलं.